भूक आणि आठवड्याची सुई

फराळाचे ताट पुढे आले की घरातील एखाद्या स्थूल माणसाकडे चार डोळे हळूच वळतात. “तुम्हांला करंजी वाढू ना?” हा प्रश्न वरकरणी आपुलकीचा, पण त्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो, ‘यांचा जिभेवर ताबा नाही!’

हा आरोप फार जुना आहे. चरकसंहितेत अतिस्थूलाची गणना आठ निंदितांत केली आहे. परंतु त्याच ठिकाणी कारणेही दिली आहेत. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात फिरून अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून अशा माणसाला भूक अधिक लागते. शिवाय बीजस्वभावही असतोच. लोकांनी निंदा तेवढी लक्षात ठेवली, कारणे विसरली!

निंदेला कंटाळलेला माणूस वाटेल त्या औषधामागे धावतो. १९३३ नंतर अमेरिकेत डायनायट्रोफेनॉलने अनेकांची चरबी जाळली. पण काहींची दृष्टी गेली, काही अंगातील उष्म्याने दगावले. १९३८ साली ते बंद झाले. फेनफ्लुरामिन हे दुसरे औषध हृदयाच्या झडपा बिघडवते असे आढळून १९९७ मध्ये मागे घेतले गेले.

खरी वाट सापडली ती आतड्यात. १९८०च्या दशकात बॉस्टनला जोएल हेबनर व स्वेतलाना मोयसोव्ह आणि कोपनहेगनला येन्स होल्स्ट यांनी जीएलपी-१ या संप्रेरकाचा शोध घेतला. आपण जेवलो की आतडे ते रक्तात सोडते. इन्सुलिन वाढते, जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. अडचण एकच, हा निरोप्या काही मिनिटांतच नष्ट होतो!

न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना १९९२ साली गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याचा दीर्घायुषी भाऊबंद आढळला. त्यावरून केलेले मधुमेहाचे औषध २००५ मध्ये आले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे नुडसेन यांच्या चमूने दुसरी युक्ती केली. औषधाच्या रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली, म्हणजे ते रक्तातील अल्ब्युमिनला बिलगून टिकते. त्यातून आधी रोजची सुई झाली आणि पुढे आठवड्याची. सेमाग्लुटाइड अमेरिकेत २०१७ साली मधुमेहासाठी व २०२१ साली वजनासाठी मान्य झाले. १९६१ जणांच्या चाचणीत ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले. नुसत्या पथ्य-व्यायामावर असलेल्यांचे २.४ टक्के. २०२५ मध्ये वजनासाठीची अशी साप्ताहिक औषधे भारतातही आली.

ही जादूची कांडी मात्र नव्हे. मळमळ, उलट्या होतात. वैद्यकीय देखरेख हवीच. सुई थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचे दिसले.

पण त्यातच मोठा बोध आहे. सुई असेपर्यंत ज्याची भूक आवरते आणि सुटताच उसळते, त्याच्या शीलात का त्या वर्षभरात फरक पडला? भूक हा शरीराचाही व्यापार आहे. तेव्हा यंदा करंजी वाढताना ताटाकडे पाहावे, पाहुण्याच्या पोटाकडे नको!