उष्णताकवचाची आच

अंतराळयानाच्या उष्णताकवचाची जमिनीवर परीक्षा घेण्याचे शास्त्र क्षेपणास्त्रांच्या गरजेतून जन्माला आले. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे आराखडे तयार होत होते. वेग हवा तर नाक टोकदार हवे, असे त्या काळचे विमानशास्त्र सांगत असे. मात्र सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने वातावरणात शिरणारे टोकदार नाक टिकेल कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

ते उत्तर कॅलिफोर्नियातील मॉफेट फील्ड येथील एम्स प्रयोगशाळेत मिळाले. एच. ज्युलियन ॲलन यांनी १९५१-५२ मध्ये नाक बोथट करावे असे सुचवले आणि आल्फ्रेड एगर्स यांच्यासह त्याचे गणित मांडले. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबापुढे पाणी फुगून उभे राहते, तसा बोथट वस्तूपुढे आघाततरंग थोडे अंतर राखून उभा राहतो. त्यामुळे बहुतेक उष्णता हवेतच राहते आणि हवेबरोबर बाजूने निघून जाते. टोकदार वस्तूत मात्र घर्षणाचा वाटा मोठा असल्याने उष्णता तिच्या अंगात शिरते. १९५३ चा हा अहवाल आधी गोपनीय होता. मर्क्युरीपासून अपोलोपर्यंतच्या सर्व यानांचा रुंद, बोथट तळ त्यातूनच आला. विसाव्या शतकातील विमानशास्त्राने आपलीच समजूत इतक्या ठामपणे उलटवल्याची उदाहरणे थोडी आहेत.

आकार ठरला, तरी तो पारखण्याची अडचण मोठी होती. साध्या वायुबोगद्यात हवा प्रसरण पावून वेग घेते, पण त्याच वेळी थंडही होते. वेग मिळतो, आच मिळत नाही. एम्समध्ये १९४९ पासून चालणाऱ्या एका बोगद्यात यावर धाडसी तोड काढलेली होती : समोरून वेगाने येणाऱ्या हवेत बंदुकीतून छोटी प्रतिकृती उलट दिशेने झाडायची, म्हणजे दोन्ही वेगांची बेरीज होते. प्रतिकृती क्षणार्धात निघून जाई आणि तेवढ्यात तिची छायाचित्रे घेतली जात. मॅसॅच्युसेट्समधील एव्हरेट येथे आर्थर कॅन्ट्रोविट्झ यांनी आघातनळ्या वापरल्या. त्यांत पडदा फुटताच उष्ण वायूची लाट धावते, पण ती सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरतीच टिकते.

कवचाचा पदार्थ जळतो कसा हे पाहायला मिनिटे लागतात. त्यासाठी विद्युत प्रज्योतीचे बोगदे आले. दोन विद्युतअग्रांमधील प्रज्योतीतून वायू सोडला की तो हजारो अंशांपर्यंत तापतो. मग तो तोटीतून निर्वात कक्षात झेपावतो आणि तिथे धरलेल्या नमुन्यावर आदळतो. नमुना किती झिजला, मागची बाजू किती तापली, हे मोजले जाते. अपोलोचे ॲव्हकोट कवच अशाच परीक्षांतून गेले. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतील तीन लाखांहून अधिक घरे कामगारांनी एकेक करून हाताने भरली होती. चंद्रावरून परतताना सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने येणाऱ्या यानाला त्याने सुखरूप आणले.

तरीही कोणताही एक बोगदा वेग, दाब, आच आणि आकारमान यांचा मेळ एकाच वेळी साधू शकत नाही. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ मोहिमेचे शोधयान सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरले. त्याचे कवच नाकाशी अपेक्षेपेक्षा कमी, तर कडेला जास्त झिजलेले आढळले.

२०२२ मध्ये आर्टेमिस-१ मोहिमेतून परतलेल्या ओरायन यानाच्या कवचाचे जळालेले तुकडे बऱ्याच ठिकाणी निघून आले होते. एम्सच्या प्रज्योत-बोगद्यातील चाचण्यांनी कारण उघड केले. आधीच्या चाचण्यांत दिलेली आच प्रत्यक्षापेक्षा तीव्र होती. तिच्यात वरचा थर सच्छिद्र होऊन वायू बाहेर पडे. उड्डाणात यानाने वातावरणात एकदा बुडी मारून पुन्हा वर उसळी घेतली. त्या मधल्या काळात आच मंदावली, आत वायू कोंडला आणि दाब वाढून थराला भेगा पडल्या. नासाने हा निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.