रस्ता आणि शर्यतपथ: दोन गाड्यांची फारकत

रायपूरच्या शारदा चौकातून तात्यापारा चौकाकडे येणारा रस्ता शहरातल्या प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक आहे. जी. ई. रोडचा हा तुकडा अरुंद असून त्याच्या रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षे सुरू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावत गेलेल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती याच परिसरात आहे. संध्याकाळी येथे दोनशे अश्वशक्तीची गाडी आणि ई-रिक्षा एकाच गतीने पुढे सरकतात. तरीही त्या दोनशे अश्वशक्तीच्या गाडीचे इंजिन तापून बंद पडत नाही, तिचा क्लच जळत नाही, आतील माणसांना घाम फुटत नाही. शर्यतीची अस्सल गाडी याच कोंडीत उभी केली, तर काही मिनिटांतच तिच्या इंजिनातील पाण्याला उकळी फुटण्याची शक्यता असते.

रस्त्यावर धावणारी वेगवान गाडी आणि शर्यतीची गाडी यांत नेमका फरक कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ‘वेग’ किंवा ‘ताकद’ असे देतात. इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो.

मोटारगाडीच्या जन्मकाळी हा भेद अस्तित्वातच नव्हता. २२ जुलै १८९४ रोजी ‘ल पती जुर्नाल’ या फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी सुमारे १२६ किलोमीटरची स्पर्धा भरवली. सर्वांत आधी पोहोचली ती द दियाँ यांची वाफेवर चालणारी गाडी. पण पहिले पारितोषिक तिला मिळाले नाही. ते पॅनार-लव्हासोर आणि पूजो या पेट्रोलगाड्यांच्या निर्मात्यांना विभागून देण्यात आले. वाहन धोकादायक नसावे, सहज हाताळता यावे आणि प्रवासात फार खर्चिक ठरू नये, ही त्या स्पर्धेची कसोटी होती. वाफेच्या गाडीला मात्र कोळसा टाकायला वेगळा माणूस लागत असे. थोडक्यात, पहिल्याच स्पर्धेत परीक्षकांनी नुसत्या वेगापेक्षा उपयुक्ततेला अधिक गुण दिले.

पुढच्या नऊ वर्षांत वेगाने उपयुक्ततेला मागे टाकले. २४ मे १९०३ रोजी पॅरिस–माद्रिद शर्यत सुरू झाली. सामान्य रस्ते, धुळीचे लोट, दुतर्फा उभी असलेली गर्दी आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पलीकडे धावणारी यंत्रे, अशी ती शर्यत होती. चालक मार्सेल रेनो यांच्यासह अनेकांचे प्राण गेले. मृतांमध्ये प्रेक्षकही होते. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दो येथेच थांबवली. शहराशहरांना जोडणाऱ्या खुल्या रस्त्यांवरील शर्यतींचा काळ त्यानंतर ओसरत गेला आणि १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे केवळ मोटारींसाठी बांधलेला काँक्रीटचा शर्यतपथ खुला झाला.

गाड्यांची फारकत येथून सुरू झाली. आधी जागा वेगळी झाली, मग यंत्र वेगळे झाले. शर्यतपथावर समोरून वाहन येत नाही, खड्डा नसतो, गाय आडवी येत नाही, लहान मूल चेंडूमागे धावत नाही. ज्या धोक्यांसाठी गाडीत सोय करावी लागते ते धोकेच नाहीसे झाले, तेव्हा त्या सोयींचे वजनही काढून टाकता आले.

भारतात ही प्रक्रिया उशिरा आणि वेगळ्या वाटेने घडली. येथे बराच काळ शर्यतपथच नव्हता. होत्या त्या विमानांच्या धावपट्ट्या. मद्रासजवळील शोलावरम, कलकत्त्याजवळील बराकपूर आणि मुंबईतील जुहू येथे मोटारींच्या शर्यती होत. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, तेथेच पुढे फियाट आणि हेराल्डचे चालक एकमेकांना मागे टाकण्यासाठी झटत. यांतील फियाट मुंबईतच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा तो कारखाना. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे शर्यतीसाठी घरची गाडीच हाताशी होती. मागचे आसन काढायचे, बंपर उतरवायचे, सिलेंडर-हेड घासून इंजिनातील दाब वाढवायचा आणि धावपट्टीवर उतरायचे. तेव्हाच्या भारतीय शर्यतगाडीचा पिंड हा असा होता: रस्त्यावरचीच गाडी, वजन कमी आणि आवाज जास्त. १९९० मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा इरुंगट्टुकोट्टई येथील कायमस्वरूपी शर्यतपथ खुला झाला आणि त्यानंतर चित्र पालटू लागले.

हा फरक आज महाराष्ट्रात कोठे स्पष्ट दिसत असेल, तर तो चाकणच्या उदाहरणात. पुण्याजवळील चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये तेथे तयार होणाऱ्या पोलो गाडीवर आधारित शर्यतमालिकाही सुरू झाली. २०१६ च्या अखेरीस कंपनीने पोलो जीटीआय ही आयात केलेली वेगवान गाडी मोजक्या संख्येने भारतात विक्रीस आणली. तिचे इंजिन १.८ लिटरचे, टर्बोचार्जर असलेले आणि १९२ अश्वशक्तीचे होते. २०१७ मध्ये त्याच घराण्यातील अ‍ॅमिओ या गाडीवर बेतलेली शर्यतमालिका सुरू झाली. त्या शर्यतगाडीचे इंजिनही १.८ लिटरचे टर्बोच, ताकद २०५ अश्वशक्ती.

फरक केवळ तेरा अश्वशक्तींचा. एक गाडी नोंदणी क्रमांक लावून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊ शकत होती. दुसरीला शर्यतपथावर न्यायचे तर ट्रकवर लादावे लागे. ताकद जवळपास सारखीच असेल, तर दोन गाड्यांना वेगळे करणारी गोष्ट दुसरीच असली पाहिजे.

पहिली गोष्ट उष्णता. शर्यतीचा गुळगुळीत, खाचा नसलेला टायर मऊ रबराचा असतो आणि साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस तापल्यावरच तो जमिनीला नीट चिकटतो. तात्यापाऱ्याच्या गतीने तो कधीच तापणार नाही. आणि पावसात तर पाणी बाहेर काढणाऱ्या खाचाच नसल्याने तो पाण्यावर तरंगेल. ब्रेकचेही तेच. शर्यतीचे ब्रेक-पॅड थंड असताना कमी पकडतात. फॉर्म्युला वनमधील कार्बनच्या तबकड्या हजार अंशांच्या आसपास तापून लालबुंद होतात आणि तरीही काम करतात. पण घराबाहेरच्या पहिल्याच वळणावर, थंड अवस्थेत, त्यांच्यावर विसंबता येत नाही. रस्त्याच्या गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला लागलाच पाहिजे. शर्यतीच्या गाडीचा ब्रेक शेवटच्या फेरीत, शंभराव्या दाबालाही, पहिल्यासारखाच लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट तेल. वळणावर गाडीला गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर बसला, तर इंजिनाच्या तळातील तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. वळण लांबले, तर तेल एका बाजूला साचते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि काही सेकंदांत बेअरिंग घासून निकामी होते. अस्सल शर्यतगाडीत म्हणून तेल इंजिनाखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवतात आणि अनेक पंपांनी फिरवतात. रस्त्यावरच्या चालकाला असे वळण क्वचितच मिळते. त्याच्या गाडीला त्या खर्चाची गरज नसते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालकाचा जीव वाचवण्याची रीत. रस्त्याची गाडी असे गृहीत धरते की आत बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, त्याच्या शेजारी आजी आहे आणि मागे झोपलेले मूल आहे. म्हणून तिचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो, सीटबेल्ट थोडा सैल होत जातो आणि एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते. शर्यतीची गाडी असे गृहीत धरते की आत एकच माणूस आहे. त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, मानेला आधार देणारे उपकरण आहे, अंगावर आग रोखणारे कपडे आहेत आणि सहा पट्ट्यांनी तो आसनाशी जखडलेला आहे. त्याच्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार त्याची मुख्य नळी किमान ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची असावी लागते.

या दोन्ही रीती आपापल्या जागी परिपूर्ण आहेत. धोका निर्माण होतो तो त्या एकमेकींत मिसळल्यावर. पिंजरा बसवलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचे डोके किरकोळ धडकेतही पोलादी नळीवर आपटू शकते. जी नळी शर्यतपथावर त्याला वाचवते, तीच रस्त्यावर त्याचा घात करते. पिंजरा न बसवता शर्यतीचे पट्टे लावले आणि गाडी उलटली, तर शरीर ताठ जखडलेले राहते आणि खाली येणाऱ्या छपराखालून बाजूला झुकायला वाव उरत नाही. एअरबॅग असलेले मूळ सुकाणू काढून लहानसे शर्यती सुकाणू बसवले, तर छाती आणि लोखंड यांच्यामध्ये काहीच राहत नाही. अर्धवट शर्यतगाडी रस्त्याच्या गाडीइतकीही सुरक्षित नसते आणि शर्यतगाडीइतकीही नसते.

कायद्याचे बोट नेमके येथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. अनेक तरुणांना हा नियम हौसेवरचा अंकुश वाटतो. पण पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आणि इंदूरजवळ पिथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान चाचणीपथावर जे तपासतात, ते संपूर्ण गाडीचे एकत्रित वागणे असते. त्यातील एक स्प्रिंग बदलली, तरी तपासलेली गाडी आणि चालवली जाणारी गाडी एक राहत नाही.

शिवाय रस्त्यावर गाडीइतकाच प्रश्न रस्त्याचा असतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका वेगवान महागड्या गाडीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. अशा गाडीतील सारी सुरक्षा आत बसलेल्यांसाठी असते. दुचाकीवरच्या माणसाभोवती ना पिंजरा असतो, ना एअरबॅग. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्यापूर्वीच, एका सेकंदात, सुमारे अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते.

याउलट ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेन सागराच्या काठावर फॉर्म्युला ई या विद्युत गाड्यांची शर्यत शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवरच झाली. रस्ता बंद होता, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि जाळ्या होत्या, वळणावळणावर झेंडे घेतलेले पंच होते, रुग्णवाहिका सज्ज होती. १९०३ मध्ये बोर्दोजवळ जे नव्हते, ते सारे तेथे होते.

म्हणूनच शर्यतगाडी म्हणजे एकटे यंत्र नव्हे. बंद रस्ता, पंच, अग्निशामक, निर्मितीनंतर साधारण पाच वर्षांत बाद होणारे पट्टे आणि प्रत्येक शर्यतीनंतर उघडले जाणारे नटबोल्ट, या सगळ्यांनी मिळून शर्यतगाडी बनते. यातले काहीही सोबत न घेता तिचा केवळ आवाज आणि वेग रस्त्यावर आणणे म्हणजे एकशेवीस वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या चुकीकडे परत जाणे होय.

तात्यापारा चौकात सिग्नल हिरवा होतो. दोनशे अश्वशक्तीची गाडी ई-रिक्षाच्या मागे हळूहळू सरकते. तिचा पंखा फिरत असतो, ब्रेक थंड असूनही पहिल्या दाबाला लागतो आणि मागच्या आसनावरचे मूल झोपेतून जागे होत नाही. रस्त्याच्या गाडीची खरी कामगिरी हीच असते.