'अपेक्षित पगार'चा रकाना आणि बलुत्याचा इतिहास

खासगी नोकरीच्या अर्जात 'अपेक्षित पगार' असा एक रकाना असतो. वस्तीतल्या मुलामुलींचे अर्ज भरून घेताना आम्ही पाहतो, बाकी सगळं भराभर लिहिणारा हात इथे थांबतो. कुणी 'कंपनीच्या नियमाप्रमाणे' लिहितं, कुणी मनातल्या आकड्यातून दोन-तीन हजार स्वतःच कापून टाकतं. याला न्यूनगंड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते मान्य नाही.

महार वतन आठवा. काम सरकारचं: निरोप पोहोचवणं, साऱ्याची रक्कम नेणं, अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला धावणं. पण मोबदल्याचा मोठा भाग द्यायचा रयतेनं, बलुत्याच्या रूपानं. कामाला वेळेची मर्यादा नाही. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसानं जायचं. वर्षभर राबून खळ्यावर हात पसरायचा, आणि कुणी मान वर केली की बलुतं बंद! राबवणारा एक आणि देणारा दुसरा, मग भाव ठरवायचा कुणाशी? हक्काचा मोबदला भिकेसारखा घ्यायला लावणारी ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते नेमकं या गाठीवर बोट ठेवून. बलुत्याच्या जागी रोख रक्कम, तीही सरकारनं वसूल करून द्यायची. कामं कोणती ते ठरवायचं. ज्याला वतन नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी. विरोध झाला, विधेयक मागे घ्यावं लागलं. वतनं खालसा करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं.

त्याच १९२८ मध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाची किंमत अशी थेट मजुरीतून वसूल होत होती. ते खातं आपल्या कामगारांना खुलं करा, ही मागणी बाबासाहेबांनी लावून धरली.

मग आरक्षणानं आपले आईवडील सरकारी नोकरीत गेले. तिथे वेतनश्रेणी छापील. आकडा सांगायची वेळच त्यांच्यावर आली नाही, त्यामुळे ती विद्या घरात आली नाही. शेजारच्या मुलाचा मामा कंपनीत मॅनेजर असतो, तो जेवताना सांगतो. आपण कुणाला विचारणार?

आकडा नीट सांगितला म्हणजे जात सुटते, असा आमचा भाबडा दावा नाही. थोरात आणि ॲटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाच्या अर्जांना दलित आडनावावर कमी बोलावणी आली होती. पण म्हणूनच 'आधीचा पगार किती?' हा प्रश्न आम्हाला साधा वाटत नाही. आधीच कमी मिळालं असेल, तर त्याच्यावर दहा टक्के वाढ म्हणजे जुनाच तोटा पुढे नेणं. मागणी त्या पदाच्या भावावर बेतायची. किमान वेतन हा कायद्याचा तळ आहे, आपला भाव नव्हे. आणि सीटीसीचा आकडा ऐकून हुरळू नका, हातात किती येणार ते विचारा.

आता अर्ज भरण्याआधी आम्ही प्रत्येकाला त्याच पदावर काम करणाऱ्या तीन जणांशी बोलायला पाठवतो. त्यांतला निदान एक वस्तीबाहेरचा, आपल्या जातीबाहेरचा असावा, एवढी अट आहे.