छत्तीस घरांसाठी तीस वर्षं

आज गोष्ट आहे परदेशातली, पण ऐकताना तुम्हाला ती फार लांबची वाटणार नाही. आपल्याकडे घरकुलांसाठी जागा ठरवायची वेळ आली की ग्रामसभेत काय काय बोललं जातं, ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी नावाचं राज्य आहे. तिथं माउंट लॉरेल हे शेतीवाडीचं गाव. १९५० साली वस्ती २,८१७. पुढं महामार्ग झाले, जवळच्या शहरांतून नोकरदार माणसं राहायला येऊ लागली आणि १९७० पर्यंत वस्ती ११,२२१ वर गेली. जमिनीचे भाव चढले. त्याच गावात पिढ्यानपिढ्या शेतावर राबलेली कृष्णवर्णीय कुटुंबं होती. त्यातली काही जण चक्क कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांना भिंती-दारं लावून राहत होती. गावाच्या कारभाऱ्यांनी ती घरं राहण्यालायक नाहीत म्हणून पाडायला घेतली. पाडणं ठीक, पण त्यांनी जायचं कुठं?

गावातल्या एथेल लॉरेन्स या बाई पाळणाघरात शिकवायच्या. त्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एक समिती केली आणि सरकारी मदतीतून ३६ फ्लॅट बांधायचा आराखडा तयार केला. फक्त ३६. पण गावाच्या नियमांत एका कुटुंबाचं सुटं घरच बसत होतं. एका विभागात तर घरामागं किमान २०,००० चौरस फूट जागा हवी, म्हणजे आपले १८ गुंठ्यांच्या वर. गरिबानं एवढी जागा आणायची कुठून? १९७० च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी गावचे महापौर कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आले आणि सांगून गेले की ज्यांना इथं राहणं परवडत नाही, त्यांनी गाव सोडावं.

आता विरोध करणाऱ्यांचंही ऐकून घेऊ, कारण सगळेच काही दुष्ट नव्हते. तिथं शाळांचा बराचसा खर्च गावाच्या घरपट्टीतून भागतो. म्हणजे लहान घरं आली की घरपट्टी थोडी आणि शाळेत मुलं जास्त, हा हिशेब अगदीच खोटा नव्हता. पण त्याच हिशेबानं गावानं काय केलं ते बघा. बड्या बिल्डरांना काही मोठ्या वसाहती बांधायला परवानगी दिली, पण अट घातली की एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शाळेत जाणारं एकही मूल राहता कामा नये, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोनच्या वर नको. ठरल्यापेक्षा जास्त मुलं निघाली तर त्यांच्या शाळेचा खर्च बिल्डरनं द्यायचा. लेकरू म्हणजे गावाचा तोटा, असं कागदावर लिहून ठेवलं होतं! मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

१९७१ साली एथेलबाई आणि त्यांच्या बरोबरचे लोक कोर्टात गेले. गरिबांचे खटले चालवणारे तरुण वकील त्यांच्या बाजूनं उभे राहिले. बाईंना शिव्या-धमक्या ऐकाव्या लागल्या. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: वाढत्या गावांनी आपल्या नियमांनी गरिबांना बाहेर ठेवायचं नाही, त्या भागात जेवढी स्वस्त घरं लागतात त्यातला आपला वाटा प्रत्येक गावानं उचलायचा.

निकाल लागला, पण घरं नाही झाली. गावानं जी थोडी जमीन दाखवली ती एकूण जमिनीच्या पाव टक्कासुद्धा नव्हती, आणि तिच्यावर एकही घर उभं राहिलं नाही. १९८३ साली त्याच न्यायालयानं पुन्हा निकाल दिला, या वेळी चांगलाच कडक. गाव टाळाटाळ करत असेल आणि बिल्डर स्वस्त घरांचा ठरावीक वाटा द्यायला तयार असेल, तर कोर्टच त्याला बांधायची परवानगी देऊ लागलं. मग मात्र गावं हलली. १९८५ साली राज्यानं यावर कायदाही केला.

माउंट लॉरेलमध्ये अजून वेळ होता. १९९४ साली एथेलबाई वारल्या. पुढचं काम त्यांच्या मुलीनं आणि जुन्या वकिलांपैकी एकानं चालू ठेवलं. १९९७ साली नवा आराखडा गावाच्या नियोजन मंडळापुढं आला तेव्हा सभागृह भरून गेलं होतं. चोऱ्या वाढतील, आमच्या घरांच्या किमती पडतील, कर वाढेल, शाळा तुंबतील, असं लोक तावातावानं बोलले. मंजुरी मिळाली. २००० साली पहिली कुटुंबं राहायला आली, आणि पुढं मिळून १४० घरं झाली. वसाहतीला नाव दिलं एथेल लॉरेन्स यांचं.

पुढं प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लोकांची ती सगळी भीती एकेक करून तपासली. माउंट लॉरेलचे आकडे शेजारच्या तशाच गावांच्या आकड्यांशी ताडून बघितले. वसाहतीमुळं गुन्हे वाढले नव्हते, घरांच्या किमती पडल्या नव्हत्या, करही चढला नव्हता. २०१३ साली त्यांचं पुस्तक आलं. तिथं राहायला आलेल्यांची कमाई सुधारली होती, मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली होती. आणि आजूबाजूच्या लोकांना विचारलं, तर आपल्या शेजारी अशी स्वस्त घरांची वसाहत आहे हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

पण ज्यांच्यासाठी ते पहिले ३६ फ्लॅट मागितले होते, त्यातली किती तरी कुटुंबं तीस वर्षं थांबू शकली नाहीत. खुराड्यातली घरं पडली तशी ती गाव सोडून गेली होती.