पहिल्यांदाच घर विकताय? भाव ठरवण्याआधी या गोष्टी तपासून घ्या

ग्राहक मिळाला, भाव ठरला, टोकनही खात्यात आलं. आणि मग खरेदीदाराच्या वकिलाने विचारलं, "फ्लॅट वडिलांच्या नावावर होता ना? मग तुमच्या नावावर कधी झाला?" पहिल्यांदा घर विकणाऱ्या अनेकांचा व्यवहार अशाच एखाद्या प्रश्नावर अडतो. घर विकणं म्हणजे चांगला भाव मिळवणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हातात किती पैसे येणार आणि कधी येणार, हे कागदपत्रांवर, करारातल्या अटींवर आणि टॅक्सवर ठरतं. महाराष्ट्रात सोसायटीतला फ्लॅट विकताना काय काय लागतं, ते समजून घेऊया.

विकायचा हक्क कुणाचा?

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वडिलांच्या पश्चात सोसायटीने नॉमिनी म्हणून आईचं नाव लावलं, तरी मुला-मुलींचा वारसाहक्क संपत नाही. मृत्युपत्र नसेल, तर विक्रीच्या करारावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. किंवा बाकीच्यांनी आपला हिस्सा हक्कसोडपत्राने सोडावा लागतो आणि ते नोंदणीकृतच असावं लागतं. लग्न झालेल्या बहिणीचा हक्क तेवढाच असतो. घरातलं हे बोलणं जाहिरात देण्याआधी झालेलं बरं. टोकन घेतल्यानंतर वाद निघाला, तर पैसेही परत द्यावे लागतात आणि नात्यातही कडवटपणा येतो.

कोणते कागद हवेत?

- तुमच्या खरेदीचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू. फ्लॅट आधी कुणाकडे होता, तर त्या सगळ्या करारांची साखळी
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट
- भोगवटा प्रमाणपत्र (ओसी)
- मालमत्ता कर, मेंटेनन्स आणि वीजबिल भरल्याच्या पावत्या
- कर्ज फेडलेलं असेल तर बँकेचं 'नो ड्यूज' पत्र

जुना करार हरवला असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढता येते. मात्र त्यात वेळ जातो, म्हणून सुरुवात यापासून करा.

गृहकर्ज सुरू असेल तर?

तरीही घर विकता येतं. बँकेकडून किती रक्कम बाकी आहे याचं पत्र घ्या आणि खरेदीदाराला पहिल्या भेटीतच सांगा. बहुतेक वेळा खरेदीदार किंवा त्याची बँक तुमची बाकी थेट तुमच्या बँकेत भरते आणि उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

सोसायटी अडवू शकते का?

आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरणासाठी सोसायटीची एनओसी सक्तीची नाही. सोसायटीला १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पण खरेदीदाराची बँक कर्ज देताना एनओसी मागते, त्यामुळे व्यवहारात ती घ्यावीच लागते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'बिल्डिंग फंड' किंवा 'देणगी'च्या नावाखाली लाखभर रुपये मागितले, तर लेखी मागणी पत्र मागा.

भाव आणि 'थोडे वरून'

भाव ठरवताना जाहिरातींमधले आकडे बघू नका. तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी नुकतेच झालेले व्यवहार बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधता येतो आणि त्यात खरा नोंदवलेला भाव दिसतो.

रेडी रेकनरचा दरही माहीत हवा. त्यानुसार येणारी किंमत तुमच्या विक्रीच्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकर विभाग रेडी रेकनरची किंमत हीच विक्रीची किंमत धरतो. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरही टॅक्स भरावा लागतो.

आणि 'थोडे कॅशमध्ये देतो' याला नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास कायद्याने बंदी आहे. पकडले गेलात, तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

टोकन ते चावी: खरी जोखीम कुठे?

खरेदीदार कर्ज घेणार असेल, तर त्याची बँक बहुतेक वेळा करार नोंदवल्यानंतरच मोठी रक्कम सोडते. म्हणजे तुमची सही आधी आणि पैसे नंतर. म्हणून करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या:

- कोणता हप्ता कोणत्या तारखेपर्यंत येणार
- उशीर झाला तर व्याज किती
- कर्ज नामंजूर झालं तर करार कसा रद्द होणार आणि टोकनचं काय
- पूर्ण रक्कम मिळाल्यावरच ताबा

'सामान ठेवायला चावी द्या' ही विनंती कितीही साधी वाटली, तरी शेवटचा रुपया खात्यात येईपर्यंत चावी आपल्याकडेच ठेवा.

टॅक्स किती लागेल?

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घकालीन धरला जातो. त्याआधी विकलं, तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. वारशाने आलेल्या घरासाठी वडिलांची खरेदीची तारीख आणि किंमत धरतात.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना दोन हिशेब करता येतात: महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा निर्देशांक धरून २० टक्के. ज्यात कर कमी, तो निवडायचा.

समजा, २००८-०९ मध्ये १८ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ८५ लाखांना विकला.

- १२.५ टक्क्यांनी: नफा ६७ लाख, कर सुमारे ८.३८ लाख
- २० टक्क्यांनी: निर्देशांकाने खरेदी किंमत सुमारे ४९.४० लाख होते, नफा ३५.६० लाख, कर सुमारे ७.१२ लाख

(सेस वेगळा.) दर जास्त दिसत असूनही दुसऱ्या पद्धतीत सव्वा लाख वाचले. दलाली आणि घरात केलेल्या मोठ्या सुधारणांचा खर्चही वजा होतो, म्हणून बिलं जपून ठेवा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. वरच्या उदाहरणात ८५,००० रुपये. ते तुमच्या पॅनवर जमा झाले का, हे तपासा. एखादा वारस परदेशात स्थायिक असेल, तर त्याच्या हिश्श्यावर बराच जास्त टीडीएस कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधीच घेता येतं.

टॅक्स वाचवायचा कसा?

नफ्याच्या रकमेतून दुसरं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घेतलं, अथवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट मिळते. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. साध्या एफडीत ठेवलेत, तर सूट हातची जाते. घर घ्यायचं नसेल, तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. ते पैसे पाच वर्षं अडकतात.

चावी दिल्यावर ताबा पावतीवर सही घ्या. वीजमीटर, मालमत्ता कर आणि सोसायटीच्या नोंदीतून आपलं नाव निघाल्याची खात्री करा. घर गेलं तरी विक्रीच्या कराराची प्रत फेकू नका. रिटर्न भरताना पहिल्यांदा तीच लागेल.