तीस नंबरची खोली

प्रवासाला निघताना उतरायचे कुठे, ही चौकशी आपण करतोच. गाठीला पैसा असला की तीही फारशी करावी लागत नाही. परवा जेवणे आटोपल्यावर आम्ही घरची मंडळी योरुबा रिचेन यांचा ‘ग्रीन बुक’वरचा २०१९ सालचा माहितीपट पाहत होतो. मध्येच धाकटीने विचारले, “अण्णा, पैसे असूनही खोली का नाही देत?”

इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण चटकन उत्तर सुचेना.

अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा कायद्यानेच वर्णभेद पाळला जाई. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला थारा नसे. म्हणून व्हिक्टर ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने १९३६ पासून अशा प्रवाशांसाठी मुक्कामाच्या जागांची पुस्तिका काढली. तसलीच एक जागा म्हणजे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे गॅस्टन मोटेल.

मालक आर्थर गॅस्टन हे गुलामगिरी भोगलेल्यांचे नातू. खाणीत मजुरी करताना आईच्या हातचे डबे सोबत्यांना विकले आणि तेथून व्यापारी झाले. १९५४ साली त्यांनी ३२ खोल्यांचे हे मोटेल उघडले.

१९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग येथील ३० नंबरच्या खोलीत उतरले. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, तेथे सहकाऱ्यांची बैठक भरली. मोर्चाला कोर्टाची मनाई, जामिनाचे पैसे संपलेले. किंग क्षणभर आत गेले आणि परतले ते मजुराचे जाडेभरडे कपडे चढवून. बोलण्याची गरजच उरली नाही! त्याच दिवशी त्यांना अटक झाली. पुढे ११ मेच्या रात्री त्या खोलीखालीच बाँब फुटला. सुदैवाने किंग तेव्हा गावात नव्हते.

गॅस्टन स्वतः बेताने चालणारे, वाटाघाटींवर भिस्त ठेवणारे. शाळकरी मुलांना मोर्चात उतरवणे त्यांना रुचले नव्हते. तरी त्यांनी दार लावून घेतले नाही. हे गृहस्थ मला म्हणूनच जवळचे वाटतात. मतभेद असूनही दार उघडे ठेवणे सोपे नाही.

१९६४ च्या कायद्याने सगळ्याच हॉटेलांची दारे उघडली, आणि गॅस्टन मोटेलची गिऱ्हाइके पांगली! ज्या लढ्याला घर दिले, त्याच्या विजयानेच ते घर ओस पडले. २०१७ साली ती वास्तू राष्ट्रीय स्मारकात सामील झाली.

“मग मोटेल बंद पडले हे चांगले झाले की वाईट?” धाकटीचा दुसरा प्रश्न. या वेळी मात्र अडखळलो नाही.

“चांगलेच झाले, पोरी. फक्त ते बांधणाऱ्याला विसरू नये.”