लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलची गोळी नाकावर चपटी का असते?

बीजीएमआयमध्ये मिरामारला विन ९४ सापडली की बरेच जण ती तिथेच टाकून पुढे जातात. एकेक गोळी भरत बसायचा वैताग! पण ती गोळी जाते कुठे, हे कधी नीट पाहिलंय? बंदुकीच्या नळीखाली आणखी एक बारीक नळी असते. तेच तिचं मॅगझिन. आणि त्या नळीमुळेच या रायफलला वाटेल ती गोळी चालत नाही.

विन ९४ म्हणजे जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली विंचेस्टर मॉडेल १८९४. गेम तिला .४५ एसीपी देतो, पण खरी रायफल गाजली .३०-३० काडतुसावर.

नळीत काडतुसं रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टोपी. टोक अणकुचीदार असेल तर बार उडाल्याच्या धक्क्याने तेच टोक प्रायमरवर आदळू शकतं. मग स्फोट नळीतच, तोही रायफल धरलेल्या हाताच्या अगदी वर. म्हणून नाक चपटं. फ्रेंचांच्या लेबेल रायफललाही नळीचंच मॅगझिन होतं. १८९८ मध्ये त्यांनी टोकदार गोळी आणली, तेव्हा टोक अडकायला काडतुसाच्या बुडावर प्रायमरभोवती गोल खाच पाडावी लागली. हॉर्नाडी कंपनीने अलीकडे टोकाला मऊ प्लास्टिक लावून तोच प्रश्न सोडवला.

पण नुसतं चपटं असून भागत नाही. लिव्हर खाली ओढली की कॅरिअर नावाची पट्टी काडतूस उचलते, लिव्हर वर घेतली की बोल्ट ते चेंबरमध्ये ढकलतो. इथे गोळी अडकते किंवा सुरळीत जाते. शिसं साच्यात ओतून केलेल्या, म्हणजे ओतीव गोळ्यांमध्ये हा फरक चांगला दिसतो. एल्मर कीथच्या प्रसिद्ध डिझाइनला नाकामागे धारदार खांदा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस हातानेच घरात ठेवतात, तिथे त्याचा त्रास नाही. लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये मात्र तो खांदा कधीकधी चेंबरच्या कडेला अडतो. उलट, नाक गोलाईने निमुळतं होत जाऊन शेवटी चपटं झालेली गोळी घसरत आत जाते. या रायफलींसाठी तीच बरी.

लांबीचंही तसंच. जुन्या १८७३ मॉडेलचा कॅरिअर लिफ्टसारखा सरळ वर जातो. काडतूस लांब असेल तर ते लिफ्टमध्ये मावत नाही. फार आखूड असेल तर पुढच्या काडतुसाची कड आत घुसते आणि लिफ्ट अडते. शिवाय नळीतली स्प्रिंग गोळीला सतत मागे रेटत असते. म्हणून गोळीवर एक खाच ठेवतात आणि काडतुसाचं तोंड त्या खाचेत आवळतात, नाहीतर गोळीच आत सरकते. शुद्ध शिसं मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात.

आता आपल्याकडे या. मुरबाड-शहापूरच्या भातशेतीत रानडुकरांचा त्रास नवा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा थेट उल्लेख आहे. (ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो.) ठासणीत दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासायची. कॅरिअर नाही, चेंबर नाही, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच नाही. साधी वाटोळी गोळी चालते.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक अंगणात गोळ्या ओतताना दिसतात. आपल्या कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय तो बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि बंदुकीचा परवाना खिशात असला तरी पिकात शिरलेल्या डुकरावर बार टाकायला वनखात्याचा लेखी आदेश वेगळा लागतो.